उखळाबाहेरचे दाणे

आत्याबाई, आज सकाळी भात कांडताना तुमची अशी काही आठवण झाली की मुसळ धरून मी तशीच उभी राहिले. सून म्हणाली, "काय झालं वो?" मी म्हटलं, "काय न्हाई, पाठीत चमक भरली." चमक भरली होती हेही खरंच. आता ती धुणं घेऊन नदीवर गेलीय, घरात कोणी नाही, आणि तुमच्या लेकाने बाजारातून आणलेल्या पुडीचा कागद उलटा करून मी लिहायला बसलेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मला लिहिता येतं याची तुम्ही जन्मभर थट्टा केलीत. "शाळंत कांडाया शिकवत न्हाईत व्हय गं?" असं विचारायचात, आणि वर स्वतःच हसायचात.

नव्हतेच शिकवत. मानमोडीच्या तापाच्या साथीतून उठून वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी तुमची सून होऊन या घरात आले. वाढले लोणावळ्यात, वडील रेल्वेत, तांदूळ दुकानातून यायचा. मुसळाला हात लागला होता तो माझ्याच हळदीत, तोही गाणी म्हणत, बायकांच्या घोळक्यात. आणि इथे दोघींनी एका उखळात आळीपाळीने कांडायचं. तुमचं मुसळ वर तेव्हा माझं खाली, माझं वर तेव्हा तुमचं खाली. एक थांबली की दुसरीचं अडलं. मी आपली मुसळ डोक्याच्या वर न्यायची आणि जीव खाऊन आपटायची. उखळभर भाताचा पहिला घाणा कसाबसा निघायचा. दुसऱ्याला खांदे भरून यायचे, मग मनगटं, मग गुडघे लटपटायला लागायचे, आणि डोळ्यांपुढे काजवे. तुम्ही म्हणायचात, "आगं, भांडान हाय का तुजं त्येच्याशी? वर आपुन न्यायाचं, खाली येतं त्ये आपल्या आपुन. खांद्यानं उचलू नगंस, टाचंतनं उचल." टाचेतून मुसळ कसं उचलतात ते मला मेलीला काय कळणार?

तुमच्या थोरल्या जाऊबाई उंबऱ्याशी मिश्री लावत बसायच्या आणि माझ्या हातांकडे बघायच्या. घरात त्यांचा शब्द शेवटचा. एक दिवस माझं मुसळ हातातून निसटून माझ्याच पायावर पडलं, तेव्हा त्या माझ्यादेखत म्हणाल्या, "साथीनं पिचलेली पोर हाय ही, हिच्यात दम न्हाई. माघमासात म्हायेरी पोचती करा. पोराला दुसरी बगू." तुमचा लेक खाली मान घालून बैलांच्या दाव्याला गाठी मारत राहिला. त्याला तरी काय बोलणार, विशीचा पोरगा तो. मी त्या रात्री पायावर हळद थापून पडून होते, आणि पाय दुखत होता म्हणून रडत नव्हते.

आणि नेमका त्यानंतर तुमचा नेम चुकायला लागला. माझे हात आता सुटणार, आता मी खाली बसणार, असं झालं की तुमचं मुसळ उखळात तिरकं पडायचं आणि दाणे ओसरीभर उडायचे. "आगं बया! ग्येला का न्येम! ठिव गं पोरी मुसळ, दानं येच आदी." मी उकिडवी बसून दाणे वेचायची. कोपऱ्यातले, जात्याखालचे, केरसुणीत अडकलेले. सुपात ते भरेपर्यंत श्वास जागेवर यायचा, खांदे निवायचे. तुम्ही तोवर भिंतीला टेकून आपल्या म्हातारपणाला शिव्या घालायचात. पुन्हा कांडायला लागायचं, आणि मी थकले की पुन्हा तुमचा नेम जायचा. जाऊबाई बघत होत्याच. म्हणाल्या, "तुजंच हात ग्येलं की गं आता. कांडपात नाव हुतं तुजं." तुम्ही हसलात. "उखळात डोस्कं घातल्यावर मुसळाला काय भ्यायाचं जाऊबाई? पर वयापुढं कुनाचं चालतंय. ही पोर हाय म्हून उखळ चालतंय हितलं. हिला धाडली तर मी एकली काय कांडू?" झालं. माघ आला आणि गेला, मला पोचती करण्याचा विषय कोणी काढला नाही.

पण त्या साली भावकीतल्या लग्नाचा तांदूळ कांडायला आपल्या घरी आला नाही. पूर्वी अक्षतांचा तांदूळ तुमच्याच हातचा असायचा, एक कणी म्हणून निघायची नाही. त्या साली पोती आपल्या दारावरून पुढच्या आळीला गेली. तुम्ही दारात उभ्या राहून ती बघितलीत आणि आत येऊन चुलीपुढे बसलात. मला वाटलं, म्हातारपण मनाला लागलं तुमच्या.

मग एक दिवस मी पाण्याला निघाले आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की डोक्यावर घ्यायची चुंबळ घरीच राहिली. मागल्या दाराने परत आले तर ओसरीवरून आवाज येत होता. धप्प, धप्प, धप्प, अगदी एका मापाचा. दाराआडून बघते तर तुम्ही एकट्या कांडताय. पदर खोचलेला, डावा पाय पुढे. मुसळ डोक्यावर जातच नव्हतं, छातीपर्यंत गेलं की पुरे. वर गेलं की या हातातून त्या हातात, आणि ते खाली येताना तुमचा श्वास बाहेर, हूं. टाच उचलली जात होती ती तेव्हा मला दिसली. आणि उखळाबाहेर, आत्याबाई, एक दाणा नव्हता.

मी तशीच मागे फिरले. चुंबळ न घेता पाणी आणलं, आणि येताना कळशी मुद्दाम दाराच्या चौकटीवर आपटली. तुम्ही आतून ओरडलात, "डोळं फुटलं का गं तुजं?" तुमच्या गळ्यात पडावं असं वाटलं होतं. पडले नाही. बोलून दाखवलं असतं तर तुम्हाला चुकणं सोडावं लागलं असतं, आणि माझ्या हातांत अजून बळ आलं नव्हतं. मीही काही कमी लबाड नव्हते!

बळ आलं, पण पुढच्या दोन पावसाळ्यांनंतर. तुमची दोन नातवंडं झाली तोवर मी एकटी घाणा काढायला लागले होते, आणि जाऊबाई भावकीत सांगत फिरायच्या की पोर आपणच पारखून आणली. तुमचं मात्र तेव्हा खरंच उतरायला लागलं. खरा नेम चुकतो त्याचा आवाजच वेगळा. लाकूड दगडाच्या काठावर बसतं, ठक्क, हाताला झिणझिण्या येतात, आणि दाणा उडत नाही, फुटतो. सुपात कणी दिसायला लागली. खांदा गेला तेव्हा तुम्ही कमरेतून उचलायला लागलात. कंबर धरली तेव्हा गुडघ्यांतून. मुसळ छातीवरून बेंबीपर्यंत आलं, पण दोन मुसळांमधला ताल तुम्ही मोडू दिला नाहीत. शरीर एक एक वाट बंद करत होतं आणि तुम्ही दुसरी काढत होतात. एक दिवस तुमचे ओठ पांढरे पडलेले दिसले, तेव्हा मी माझं मुसळ तिरकं घातलं. दाणे उडाले चौफेर. म्हटलं, "चुकलं वो आत्याबाई." तुम्ही आधी दाण्यांकडे बघितलंत, नंतर माझ्याकडे. मग म्हणालात, "गप गं. चुकायाचं कसं त्ये मला शिकवतीस व्हय?" आणि आपण दोघी जे हसायला लागलो, ते तुम्हाला ठसका लागेपर्यंत. त्या गोष्टीवर आपलं बोलणं झालं ते एवढंच. त्यानंतर तुम्ही मुसळ भिंतीला लावून ठेवलंत आणि सूप हातात घेतलंत. गेलात तोपर्यंत पाखडता पाखडता तोंडाने माझा ताल धरायचात, हूं, हूं.

आता लढाई चाललीय, गावात सगळ्याचीच ओढ आहे, कामशेतच्या गिरणीत भात नेलं तर दिवस मोडतो. म्हणून घरचं भात अजून घरीच कांडतो. सून जोडीला असते. विशीची पोर, काटक, दंड असे की बैल आवरेल. आणि आज सकाळी तिसऱ्या घाण्याला माझा खांदा जड झाला, पाठीत ती चमक भरली, त्याच क्षणी हिचं मुसळ तिरकं पडलं. दाणे गेले थेट जात्याखाली. "बाई गं, चुकलं! आत्याबाई, तुमी बसा, जरा दानं येचा, मी पानी पिऊन येती." तिला मी एका शब्दाने काही सांगितलेलं नाही. बिचारीने आपल्या मनानेच काढलं असेल, नाहीतर तिच्याही माहेरी कोणी तुमच्यासारखी असेल.

तुमचे उपकार मी तोंडाने कधी म्हटले नाहीत, म्हणून आज लिहितेय. हे घर, तुमचा लेक, ही दोन पोरं, सगळं मला त्या वेचलेल्या दाण्यांवर मिळालं. कागद चुलीतच जायचा, तुम्हाला पोचवणार कुठे? फक्त एक सांगते, हसू नका. तुमच्यासारखं सुनेला "गप गं" म्हणायची छाती मला झाली नाही. मी खाली बसले, आणि जात्याखालचे चार दाणे दिसत असून तसेच ठेवले, शोधायला अजून थोडा वेळ लागावा म्हणून.