रविवारी एक वाजता सरांचा फोन

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि रविवारी दुपारी एक वाजता तुमचा फोन अजून जातो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण सांगायचं काम माझं होतं आणि मी ते टाळत आलो. आता लग्नसराई संपलीय, मांडवाचे बांबू गोडाऊनला लागलेत, कनाती धुऊन वाळत घातल्यात, बायको चार दिवस माहेरी गेलीय. घरात उगाच बोलत बसण्यापेक्षा लिहितो. माझं अक्षर तुम्हाला लागणार नाही, ते एक आहेच. आठवीत माझी वही वर्गाला दाखवून तुम्ही म्हणाला होता, "हे याने लिहिलंय का कोंबडीनं?" अजून कोंबडीच लिहिते, सर. तिला शिकवणारा परत भेटला नाही.

तुम्ही माझ्यावर खरे रागावलात ते मात्र अक्षरावरून नाही. शाळेच्या गॅदरिंगला मी तुमची नक्कल केली होती. घसा खाकरणं, मग 'हां, बोला मालक', मग ते नाकातून 'जेवलात का?' सगळं पाटोदा गाव हसत होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला मंडळाच्या वसतिगृहात बोलावलंत. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून कांदे चिरत होता, कारण भाकऱ्या करणारी बाई आली नव्हती आणि चाळीस लेकरं जेवायची होती. मी दारात उभा. तुम्ही वर न बघता म्हणालात, "कर परत." मी केली. तुम्ही सुरी थांबवली, डोळे मिटले आणि पुरं ऐकून घेतलंत. म्हणालात, "आवाज माझाच हाय. पण आत कुणी न्हाई रं. रिकाम्या घराची कडी वाजवल्यासारखं वाटतंय. कुणाचा आवाज काढायचा असंल तर त्याचं काम बी उचलायचं, न्हाईतर गप बसायचं." मग मला कांदे चिरायला बसवलंत. कान उपटले असते तर मी विसरून गेलो असतो.

पुढे तुम्हीच मला मंडळाचा जुना भोंगा आणि माईक दिलात, त्यावर माझा मांडव-माईकचा धंदा उभा राहिला. आणि माझ्या नकलाच मंडळाच्या कामाला लावल्यात. आपलं मंडळ म्हणजे काय होतं हो? तुम्ही, बसस्टँडजवळ टायरचं दुकान असलेले चाचा, मेडिकलवाले काका आणि पोरसवदा मी. आईबाप ऊस तोडायला गेले की मागे राहिलेल्या लेकरांना पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाने बंद होईपर्यंत, सांभाळायचं. त्यासाठी दारोदार मूठ-मूठ ज्वारी मागायची आणि वर्षातून एकदा बाजारतळावर तिकीट लावून माझा नकलांचा कार्यक्रम करायचा. पुढारी, कंडक्टर, कीर्तनकार, सगळे व्हायचे. तुमची नक्कल शेवटी. लोक त्यासाठीच थांबायचे आणि तुम्ही पहिल्या रांगेत मान खाली घालून हसायचात.

रविवारचा फोन ही तर तुमचीच पद्धत. दुपारी एकला उसाच्या फडात भाकरी सोडायची वेळ असते. तेव्हा तुम्ही एकेका मुकादमाला फोन लावायचा आणि टोळीतल्या प्रत्येक आईबापाला त्याचं लेकरू कसं आहे ते सांगायचा. प्रत्येकाला 'मालक'. दुसऱ्याच्या उसात कोयता चालवणाऱ्या माणसाला मालक म्हणणारे तुम्ही एकटेच. त्या एका फोनच्या भरवशावर लोक लेकरं मागे ठेवत होते.

आणि तुम्ही गेलात ऐन हंगामात, पौषात, शाळेतून येताना रस्त्यातच. माती देऊन आलो तो शनिवार होता. मेडिकलवाले काका म्हणाले, "उद्या फोन नाही गेला तर परवापासून लेकरं न्यायला लागतील. एकदा फडात गेलेलं पोरगं शाळेत परत येत नाही." आणि माझ्याकडे बघितलं. चाचांना कळलं तसे ते उठून उभे राहिले. "गुजरलेल्या माणसाच्या तोंडून बोलू नये बेटा. त्याला झोपू द्यावं." काका म्हणाले, पट्टा पडेपर्यंतच. मलाही तेव्हा ते साधं काम वाटलं. माणूस गेलाय, आवाज शिल्लक आहे, वापरू. अक्कल बघा माझी.

वसतिगृहातल्या तुमच्या खोलीत बसून तुमच्याच मोबाईलवरून पहिला फोन लावला. घसा खाकरला. "हां, बोला मालक." पलीकडे मुकादमाने फोन पुढे दिला, मग एका बाईचा आवाज, "बोला सर." मी तिच्या लेकीच्या पाढ्यांचं सांगितलं, 'जेवलात का' विचारलं. असे अकरा फोन झाले. शेवटचा ठेवला तेव्हा माझी बंडी पाण्यात बुडवल्यासारखी घामाने भिजली होती.

होळीनंतर टोळ्या परत आल्या. मी तोंड लपवत होतो. शेवटी त्याच बाईसमोर कबूल केलं. तिने डोक्यावरचं बोचकं खालीसुद्धा ठेवलं नाही. म्हणाली, "आमाला तिसऱ्याच दिशी कळलंतं." मी म्हणालो, मग बोललात कशाला? तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच खुळा आहे. "सरांचा फोन आला, मग बोलायचं न्हाई व्हय?" आणि दिवाळीत परत निघताना एकेक जण लेकरू सोडायला आला, तो दारात थांबून विचारायचा, "औंदा बी सर फोन करतेल ना?" सगळ्यांना ठाऊक की तुम्ही नाही. सगळ्यांना ठाऊक की आत मी बसतो. तरी मला कुणी विचारत नव्हतं की तू करशील का. मी हो म्हणालो.

तेव्हापासून रविवारी मी तुमच्या खोलीत जातो. लेकरं तेवढ्या वेळेपुरती आपसूक गप्प होतात, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. दाराबाहेर चपला ओळीने लावून ठेवतात, तुमच्या वेळेला लावायची तशा. यातल्या एकानेही तुम्हाला बघितलेलं नाही. चाचांनी रविवारी वसतिगृहाकडे यायचं सोडलं, येतात ते सोमवारी. बायको म्हणते, "त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही मला अहो-जाहो करता." मी म्हणतो, काहीतरीच. एकदा एका गाडीवानाला मी मध्येच म्हणालो, "मालक, बैलाचा डावा पाय बघा बरं." का म्हणालो ते मला अजून माहीत नाही. सर, मी आयुष्यात शेळी पाळली नाही, बैल कुठला. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "सर, खुरात खिळा निघाला." मी हसण्यावारी नेलं, आणि त्या आठवड्यात दोन कार्यक्रमांचे माईक लावायला दुसऱ्याला पाठवलं, कारण माईकमध्ये बोलायची भीती वाटायला लागली होती.

चार वर्षांपूर्वी आपला वार्षिक कार्यक्रम रविवारी आला. मुद्दाम नाही, आचारसंहितेमुळे दुसरा दिवस मिळाला नाही. दुपारचा कार्यक्रम होता. मी म्हटलं, एका रविवारी फोन नाही गेला तर काय आभाळ पडतंय? गर्दी चांगली. शेवटी लोक ओरडायला लागले, सर, सर. मी तुमचा आवाज काढला. हसायला आलेली माणसं डोळे पुसायला लागली, पेटीत नोटा पडायला लागल्या आणि मी अजून रंगात आलो. तेवढ्यात खिशात तुमचा मोबाईल वाजला. माझ्या तोंडात तुमचा आवाज, खिशात तुमचा फोन. बंद झाला, पुन्हा वाजला. स्टेजवरून कसा उचलू? आणि खरं सांगू का, टाळ्या सोडून उचलावासा वाटला नाही. उतरल्यावर पाहिलं तर आपल्याच भागातला एक बाप होता. त्याची थोरली आपल्याकडे नववीत होती, मकरसंक्रांतीला आईला भेटायला म्हणून फडात गेलेली. मी संध्याकाळी लावला तर उचलला नाही. पुढच्या आठवड्यात कळलं, तिथेच तिचं लग्न लावलं. नवराबायको मिळून एक कोयता होतो, पोराला जोडी पाहिजे होती. सतरा महिन्यांनी ती बाळंतपणात गेली. बाळ पण गेलं. मी हे कुणाला सांगितलं नाही. चाचांना नाही, बायकोला नाही. ज्याचा फोन उचलला नाही तो बाप पुढे दर रविवारी माझ्याशी बोलत राहिला, त्या फोनबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही.

औंदा त्याची धाकटी दहावीला. हुशार आहे, तुम्हाला आवडली असती, उलट उत्तरं देते. माघ लागला आणि एका रविवारी सकाळी ती माझ्या दुकानात आली. "गुरुवारी बा मला न्यायला येणार हाय. थोरलीच्याच नवऱ्याला देणार हाय. त्याचा कोयता मोडलाय." मी म्हणालो, मी बोलतो त्यांच्याशी. ती म्हणाली, "तुमी नगा बोलू. तुमचं कशाला ऐकतेल? सरांना बोलाया सांगा." सर, तुम्ही गेलात तेव्हा ही पोर तीन वर्षांची होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. गंमत नव्हती त्यात. मी चाचांकडे गेलो, ते म्हणाले पोलिसांत कळव. कळवलं. त्यांनी लिहून घेतलं, पण फड कर्नाटकात, तिथल्या ठाण्याला कळवावं लागेल म्हणाले. गुरुवार चार दिवसांवर. चाचा टायरला पाणी लावून पंक्चर शोधत बसले. मग म्हणाले, "जा. आज मी बाहेर बसतो." बारा वर्षांत पहिल्यांदा ते रविवारी आले आणि चपलांच्या ओळीपाशी स्टूल टाकून बसले.

एक वाजला. बाहेर अंगणात एक चिमणी नाही. मी फोन लावला. खाकरलो. "हां, बोला मालक."

"बोला सर."

मी पाठ करून गेलो होतो. परीक्षा तोंडावर आहे, पोरगी हुशार आहे, कायदा काय म्हणतो, सगळं. तो हूं हूं करत होता. मला कळत होतं की हा ऐकत नाही, भाकरी खातोय. मग त्याने पाणी प्यायलं आणि एकदम हलक्या आवाजात विचारलं, "सर, तुमी तिकडं हाव. माझी थोरली दिसती का हो?"

 या फोनवर असं कुणी कधी विचारलं नव्हतं. बारा वर्षं आम्ही सगळ्यांनी तेवढं एक पाळलं होतं. मी 'नाही' म्हणायचं ठरवलं. अगदी शब्द तोंडात आणला. आणि माझ्या तोंडून आलं, "हाय. हितंच हाय."

"काय म्हणती?"

इथे मी थांबणार होतो, सर. देवाशपथ थांबणार होतो. फार तर म्हणणार होतो की धाकटीला शिकू द्या म्हणती. कुणीही तेच म्हटलं असतं, तेच उपयोगाचं होतं. पण आवाज थांबला नाही. नाकातून, तुमच्यासारखा सावकाश, शांतपणे म्हणाला, "म्हणती, त्या रविवारी फोन वाजत व्हता. उचलला न्हाई."

पलीकडे वाऱ्याने उसाची पानं वाजत होती. बाहेर चाचांचं स्टूल सरकलेलं मी ऐकलं. मग तो बाप म्हणाला, "मीच लावलता. दोन बार लावला. ती बाजूला उभी व्हती, सरांना इचारा म्हणत व्हती. तुमी नको म्हणला असता तर मी दिली नसती." रागाने नाही. भाकरी संपली असं सांगावं तसं.  माझ्याकडे आवाजच राहिला नव्हता, ना तुमचा ना माझा. मग तो म्हणाला, "औंदा लावला तुमी. बरं केलं. ऱ्हाऊ द्या तिला." आणि फोन ठेवला.

गुरुवारी तो आला नाही. पोरीने दहावी दिली, पेपर सोपे गेले म्हणते. त्या रविवारी खोलीबाहेर आलो तेव्हा चाचा माझा हात धरून घरापर्यंत आले. लोक म्हणतात, सरांनी पोरगी वाचवली. मी मान डोलावतो.

हे पत्र मी कुठे टाकणार? फोन तुमचा, खोली तुमची, सगळं माझ्याचकडे आहे. कपाटात कनातींच्या याद्यांखाली ठेवीन. पण एक तुम्हाला सांगून टाकतो. दाराबाहेर ऐकू गेलेलं मंडळात पसरलंय; सगळे मला रोज विचारतात, त्या रविवारी फोनवर नक्की कोण बोललं, आणि मी म्हणतो मीच, नकलाकार आहे, आयत्या वेळी सुचलं. खोटं आहे. मी बोललो असतो तर तो न उचललेला फोन लपवला असता.