जाईचा खुराक

२ मार्च
आजपासून रोजनिशी. सगळं लेखी हवं. आमच्या नोव्हाय गावापासून तासाभरावर रॉजरचं फार्म आहे. त्याच्या कळपात आता माझी एक कालवड: जाई, चौदा महिन्यांची, काळीभोर, अँगस जातीची. रॉजर बीफसाठी गुरं वाढवतो, मी फक्त पशुप्रदर्शनातल्या शोसाठी. त्यामुळे आमच्या शाकाहाराला कुठेही धक्का लागत नाही. बायकोला, शैलजाला, हे नीट समजावलं. समजलं म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली.

१० मार्च
रॉजर म्हणत होता, जाईला सांभाळायला शेकहँड पुरे. बावीस वर्षं सीटबेल्ट डिझाइन केलेत, मी असं काही सोडत नाही. तीन पानी ॲग्रीमेंट ड्राफ्ट केलं. कलम सात: एक ऑक्टोबरला जी गाभण नसेल ती बीफला जाईल, मालक कोणी का असेना. भावना नाही, डेटा. रॉजरने न वाचताच सही ठोकली. अशाने धंदे बुडतात.

९ एप्रिल, पाडवा
इथल्या मराठी मंडळातल्या शोभनाकाकूंना गोग्रास द्यायचा होता. इथे गाय कुठे मिळणार म्हणून हळहळत होत्या. म्हटलं, आहे ना! सहा पुरणपोळ्या आणि तीन फॅमिली घेऊन आल्या. जाईने सगळ्या पोळ्या खाल्ल्या आणि काकूंचा हात चाटला. काकूंना रडू आलं. मलाही. आता दर शनिवारी यायचं ठरलंय. शोसाठी भरदार दिसायलाच हवी, बीफवाल्यांसारखं मोजूनमापून घालायला ती काय परकी आहे? रॉजर कुंपणाशी उभा होता. काही बोलला नाही, म्हणजे पटलं असावं.

१४ मे
जाईचं कृत्रिम रेतन. रॉजरने साधा वळू सुचवला होता. मध्यम बांधा, वासरं सुखरूप होतात वगैरे. मी कॅटलॉगमधला चॅम्पियन निवडला. फोटोत काय उभा आहे! वासराचं नावसुद्धा ठरवून टाकलं.

५ जून
पुन्हा माजावर आली. म्हणजे राहिली नाही. परत रेतन. आमची रुही ॲनिमल सायन्स शिकते. व्हिडिओ कॉलवर जाईला बघून म्हणाली, बाबा, शी इज ओबीस. इतक्या लठ्ठ कालवडी गाभण राहत नाहीत म्हणे. शोच्या गायींचं तिला काय कळतंय? तरी उद्यापासून खुराक निम्मा.

८ जून, शनिवार
अकरा फॅमिली. कोणाचा वाढदिवस, कोणाचं ग्रीन कार्ड आलेलं. एवढं ड्राइव्ह करून आलेल्यांना नाही कसं म्हणणार? सोमवारपासून निम्मा.

२६ जून
पुन्हा उलटली, म्हणजे याही वेळी राहिली नाही. रॉजरने मला न विचारता आपला साधा वळू तिच्याबरोबर सोडला. निषेध नोंदवला. मनात.

२७ जुलै
काउंटी फेअरमधला शो. पहाटेपासून जाईला शँपू, ब्लोअर, ब्रश. शैलजा म्हणाली, माझ्या केसांकडे पंचवीस वर्षांत कधी पाहिलं नाहीस. जजने माइकवरून सांगितलं की कालवड देखणी आहे, पण हा पैदाशीच्या जनावरांचा क्लास आहे आणि ही खाटकासाठी तयार होऊन आलीय. लोक हसले. मला हसू आलं नाही. पाचवा नंबर. पाच जणींत. पण टॉप फाइव्ह.

१८ ऑगस्ट
डाएट कडक चालू आहे. शनिवारचे पाहुणे आणि मी खिशातून आणतो ते गाजर सोडून.

२१ सप्टेंबर
व्हेटने अल्ट्रासाउंड केलं. एक्केचाळीस जणींपैकी चाळीस गाभण. मशीन तपासून घ्यायला सांगितलं. त्याने माझ्यासमोर पुन्हा केलं. भाकड.

२४ सप्टेंबर
रॉजरला कलम सातचा अर्थ समजावायला गेलो. तो म्हणाला, कागद तुझाच आहे, फाडून टाक हवं तर, पण वासरू न देणाऱ्या गायीला हिवाळाभर चारा घालणं मला जमणार नाही, तू घरी ने. घरी कुठे? आमच्या सबडिव्हिजनच्या नियमात अंगणात कपड्यांची दोरीसुद्धा बसत नाही. गोशाळेत वेटिंग लिस्ट आहे. मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, जाईला कोण ठेवून घेईल? त्रेचाळीस नमस्कार आले. शोभनाकाकूंनी विचारलं, शनिवारी किती वाजता येऊ?

३० सप्टेंबर
तिला मी खाऊ घालून मारलं. हे लिहून खोडलं. परत लिहिलं.
उद्या सकाळी जाऊन स्पष्ट सांगणार: नेऊ देणार नाही. पुढचं पुढे. कारमध्ये वाक्य चार वेळा म्हणून पाहिलं, आवाज ठाम येतोय.

१ ऑक्टोबर
ट्रेलर उभाच होता. जाई रॉजरला जुमानेना. पाय रोवून उभी राहिली, दोन धक्के दिले तरी हलली नाही. मला बघून मात्र हंबरली. मी तोंड उघडलं तेवढ्यात रॉजरने दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तू ने, तुझ्यामागे येईल. मी चालायला लागलो. आली. फळीवरून माझ्यामागोमाग शांतपणे आत चढली आणि खिशाशी नाक लावून उभी राहिली. मी खाली उतरलो. रॉजरने दार लावलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच म्हणाला, गुड जॉब.
मी थँक यू म्हणालो.