हिच्यात काय दिसत न्हाई

भाटघर, बुधवार, ता. ११ डिसेंबर २०२४

सकाळी धुकं होतं. म्हशीची धार काढली, आईला औषध दिलं. भेटायला कोणी आलं नाही.

तीर्थरूप कुंडलिकमामांना गोरखचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला यांत सध्या कोण पुढे आहे ते कळवा. इकडे आई बरी आहे. जेवते, पण ताटं अजून एक जास्तच घेते. फोन केला असता, पण तुमच्या वाडीत रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, आणि गुडघ्याचं वर आलंच आहे.

मामा, आबांच्या दहाव्याला तुम्ही काय केलंत ते आठवतं ना? कावळा पिंडाला शिवेना. आईला सांभाळीन म्हणालो, दिपालीचं लग्न लावून देईन म्हणालो, म्हैस विकणार नाही असंही म्हणालो (हे कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळे माझ्याकडेच बघत होते). कावळे हलेनात. मग तुम्ही मागून ओरडलात, "दाजी, गोरख त्या करवतीचा निळा रंग काढंल, आता या!" आणि कावळा आला. सगळे सुटले, मी अडकलो, आणि तुम्ही जेवून वेल्ह्याच्या टेम्पोत बसलात. मुळात ती करवत पुण्याहून आणलीत तुम्हीच. पातं मोराच्या मानेसारखं निळं. जुनी पार झिजली म्हणून आबांनी ही हातात घेतली, आईला चुलीपुढे बसायला सागाचा पाट करत होते तो चार बोटांएवढा कापला, आणि "हिच्यात काय दिसत न्हाई" म्हणून ठेवून दिली. दिसत नाही म्हटल्यावर तुम्ही न् मी त्यांना धरून भोरला डोळे तपासायला नेलं. (चष्मा लागला. तो घालूनही ते तेच म्हणाले, वर निळ्या रंगाला नावं ठेवली.)

असो. हा निळा म्हणजे वरून लावलेला रंग नव्हे, पोलादच तसं केलेलं असतं. पॉलिश पेपरने नुसते हात दुखले. भोरच्या बाजारात नीळ काढायचं काही आहे का विचारलं, तर दुकानदार माझ्या सदऱ्याकडे बघून म्हणाला, "लई झाली का नीळ?" मी मान हलवून परत आलो. मग आंबटाने उतरेल असं संपत लोहार म्हणाला. पण करवत बुडेल एवढं लांब भांडं घरात नाही, म्हणून आबांचं जुनं धोतर फाडून चिंचेच्या कोळात भिजवलं, पात्याला गुंडाळलं आणि करवत ओटीवर त्यांच्याच खाटेवर ठेवली. दुपारी धोंडाबाई भेटायला आली. खाटेवर पट्ट्या बांधलेलं, तांबडं पाणी गळणारं काहीतरी बघून तिने दारातूनच गळा काढला, "अगं बया, आता ह्ये कोण?" आई म्हणाली, "करवत हाय." त्यावर ती आणखी मोठ्याने रडली. आणि आई हसली, मामा. आबा गेल्यापासून पहिल्यांदा.

संध्याकाळी सोडली तर निळं गेलेलं. धुऊन ठेवली, सकाळी गंजून तांबडी. पुन्हा चिंच, राख, लगेच कोरडी करून खोबरेल तेल. (आमटीला चिंच उरलेली नाही.) आता पातं आरशासारखं आहे. सहज त्या पाटावर टेकवलं, तर पात्यात लाकडाची कड दिसली. खरी कड आणि पात्यातली कड एका रेषेत राहिली की काप सरळ जातो, मोडली की करवत तिरकी. आबांना हिच्यात हे दिसत नव्हतं. बाकी सगळं दिसत होतं. चष्म्याचं आपण दोघांनी कुठे बोलू नये.

आपला भाचा,
गोरख

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. तो पाट पुरा करायचा आहे, आणि कापताना दुसरं टोक धरायला माणूस लागतं. आबा कापायचे तेव्हा मी धरायचो. रविवारी याल का?

ता. क. पत्र टाकायला निघालो तर एस.टी. गेलेली. घरी आलो आणि टोकावर पाय देऊन कापून टाकला. आबांची चार बोटं तिरकी आहेत, तिथून पुढे सरळ आहे. तिरकं तासलं नाही. रविवारी या, पण काम काही नाही. आई देवळात गेली आहे, ती यायच्या आत भुसा झाडून घेतो.