वरच्या मजल्यासाठी चांगली माणसं

३१ ऑगस्ट
मेल्विनचा दोहाहून फोन. सप्टेंबरअखेर वरच्या मजल्याला भाडेकरू मिळाला नाही तर घर बिल्डरला द्यायचं आणि मी त्याच्याकडे राहायला जायचं. एवढ्या घरात तू एकटी, मम्मी, पडलीबिडलीस तर उचलणार कोण, म्हणाला. मी म्हटलं, भाडेकरू उचलतील. मंगळूरमध्ये एवढी कॉलेजं, एवढी इस्पितळं. लोक फाटकाशी रांग लावतील. या घरातून मी हलणार नाही. विषय संपला.
दलाल शेणॉयमामना कळवलं.
निश्चय: कामापुरतं बोलायचं. कुणाला खायला घालायचं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. तेच धोरण.

२ सप्टेंबर
कॉम्प्युटरवाले नवराबायको आले. गोड जोडी. तिने विचारलं, छत गळतं का. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं: पाऊस पडला तरच. बाहेर पडतच होता. मग कुठल्या खोलीत कुठली बादली ठेवायची तेही दाखवलं, म्हणजे त्यांची शोधाशोध नको. कळवतो म्हणाले. दोघं भराभर जिना उतरली. घर मनात भरलं की माणसाला घाई होते.
शेणॉयमाम नंतर म्हणाले, बाई, तुम्ही घर दाखवता की घराची कुंडली मांडता. त्यांना प्रामाणिकपणाची सवय नाही. दलालच ते.

५ सप्टेंबर
कोट्टयमच्या तीन नर्स. निश्चयाप्रमाणे काहीही खायला घातलं नाही. नीर डोसे आधीच झाले होते, ते टाकायचे का, म्हणून फक्त तेवढेच. आणि कोंबडीचा रस्सा, कारण नुसते डोसे घशाखाली उतरत नाहीत.
एकीने विचारलं, फाटक किती वाजता बंद. मी म्हटलं, आमच्या होस्टेलला संध्याकाळी साडेसहाला कुलूप लागायचं, पण मी काही जुन्या वळणाची नाही, सात. ती म्हणाली, आंटी, आम्हाला रात्रपाळी असते. मी म्हटलं, काळजी नको, तुम्ही येईपर्यंत मी जागी राहीन. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. जाताना मला मिठी मारली. नक्की येणार.

८ सप्टेंबर, दुपार
मोंती फेस्त. चर्चमधून आशीर्वादाची भाताची कणसं आणली. आज नव्या भाताचा सण, त्यामुळे चुलीवर फक्त भाज्या. वर्षातला हा एकच दिवस मासळी घराबाहेर.
नेमके आजच भट आले. बँकेतले अधिकारी, सिरसीहून बदली झालेले. बरोबर बायको आणि म्हातारे वडील. वडील थेट माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे. भेंडी, अळूची देठं, काकडी, हिरवे मूग. सगळं वाकून बघितलं. मासळीबिसळी काही, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वास घेऊन बघा. त्यांनी खरंच घेतला. आमच्या गावात ब्राह्मणाच्या घरीसुद्धा एवढ्या भाज्या होत नाहीत हो, म्हणाले. सुनेला म्हणाले, यांच्याकडून शीक.
ठरलं. परवा मुहूर्त चांगला आहे; येऊन वर गृहप्रवेशाचं दूध उतू घालवणार.
मी खोटं एक अक्षर बोलले नाही.

९ सप्टेंबर
मेल्विनला विजयवार्ता. त्याने विचारलं, त्यांना सांगितलंस का, तू रोज काय खातेस ते. मी म्हटलं, रोजचं त्यांनी विचारलंच नाही. फोन कट झाला. दोहाची लाइन वाईट.
निश्चय: नाताळपर्यंत शाकाहारी. सोपं आहे. अगदीच राहवलं नाही तर शेजारी ग्लॅडिसकडे जेवेन.

१० सप्टेंबर
दूध वर आलंच होतं, एवढ्यात फाटकातून गुलाबीची हाक. मासळीवाली. आवाज बंदरापर्यंत जाईल असा. बाई, दोन दिवस दार उघडलं नाही, आजारी आहात का मेलात, म्हणून विचारत आले. तुमचे बांगडे बाजूला ठेवलेत, आणि कालवं मागितली होती तीही आणलीत.
भटांचे वडील गॅलरीत आले. ही कोण, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरोब्यातली आहे. गुलाबी खालून म्हणाली, घरोबा कसला, अज्जा, माझ्या मुलीचं लग्न या बाईंच्या सुरमईवर झालं.
त्यांनी गॅस बंद केला. दूध उतू गेलंच नाही. सूनबाई मात्र जिन्यात हळूच म्हणाली, आंटी, मला तुमचं घर आवडलं होतं. तिच्याशी माझं जमलं असतं.
बांगडे ताजे होते.

१८ सप्टेंबर
त्यानंतर कुणी नाही. नर्सना ग्लॅडिसने घर दिलं. तिच्या फाटकाला कुलूपच नाही, यावरून काय ते समजावं. शेणॉयमाम फोन उचलत नाहीत. मोसमात फार काम असतं त्यांना.
ग्लॅडिस म्हणते, आयरिन, तुझा सिप्री वरच्या गॅलरीतल्या त्या खुर्चीत गेला हे येईल त्याला सांगू नकोस ग. पण मी ते सांगते एवढ्याचसाठी की घर किती शांत आहे ते कळावं. कॉफी मागितली माझ्या नवऱ्याने. मी घेऊन वर गेले तर चेहरा इतका प्रसन्न की दोन्ही कप मीच प्यायले, त्याच्याशेजारी बसून, आणि मग खाली ग्लॅडिसला हाक मारली. अशी जागा अख्ख्या शहरात दुसरी दाखवावी कुणी.
अजून बरेच दिवस आहेत.

२७ सप्टेंबर
मेल्विनचा फोन. परवा एक मिस्टर आळ्वा येतील. मम्मी, फक्त फाटक उघड, काही बोलू नकोस. त्याचा आवाज नरम होता, लहानपणी ताप आला की व्हायचा तसा. मी विचारलं, भाडेकरू का. तो म्हणाला, बघूया ग.
पडदे धुवायला काढले.

२९ सप्टेंबर
या वेळी सगळे निश्चय पाळले. एक शब्द जास्त बोलले नाही. खायला काही दिलं नाही. त्यांनीच नको म्हटलं.
मिस्टर आळ्वा फार सभ्य माणूस. छत गळतं का, विचारलं नाही. फाटकाची वेळ विचारली नाही. माझ्या चुलीवर काय आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बरोबरच्या दोघांनी कुंपणापासून रस्त्यापर्यंत टेप धरली, विहिरीत डोकावून पाहिलं, फणसाच्या झाडाचा घेर मोजला. मी म्हटलं, वर येऊन गॅलरी तरी बघा. ते म्हणाले, गरज नाही आंटी, मला पसंत आहे.
पाच मिनिटांत पसंत. घर दाखवायचं कसं, ते आता कुठे मला जमायला लागलं.