तारांकित प्रश्नाचं उत्तर

नंदनवन, नागपूर
१७ डिसेंबर १९७८

प्रिय प्रेमिला,

सप्रेम जयभीम.

पंधरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटंपालटं करशील, मग दारातल्या उजेडात जाऊन उघडशील, असं उगाचच डोळ्यांपुढे येतंय. घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. थोरल्या भावाच्या अंगणात खाट टाकून बसलोय. रविवार आहे, सभागृहाला सुट्टी. वहिनी समोर बसून तुरीच्या शेंगा सोलतेय आणि ऊन इतकं मऊ आहे की लिहिता लिहिता डोळे मिटतात. मिटले की आपण दोघं जुन्या वस्तीतल्या नळावर उभे असतो, तू बादली भरत असतेस आणि मी तुला कसला तरी उतारा पाठ म्हणून दाखवत असतो.

माझं तुला काहीच माहीत नसेल. तू नर्सिंग पास होऊन कोसमटोलीला गेलीस त्याच वर्षी मी मुंबईला विधानसभेत प्रतिवेदक म्हणून लागलो. म्हणजे सभागृहात जे कोणी बोलेल ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि मग टाइप करून द्यायचं. माझं लग्न झालं. मीरा चांगली बाई होती, तिच्याशी संसार मी खरा केला. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. मुलगी जया आठवीत आहे, माझ्यापेक्षा भरभर बोलते. दर डिसेंबरात सगळं सरकार फायलींच्या पेट्या बांधून काही आठवड्यांसाठी नागपूरला येतं, तसा मीही येतो. गाडीतून सकाळी स्टेशनवर उतरलो, हमालाच्या तोंडून ‘काहून गा, किती डाग हायेत?’ असं ऐकलं, की वर्षभर आवळलेलं काहीतरी सैल होतं.

आमचं काम तुला गमतीचं वाटेल. सभागृहाच्या मधोमध एक टेबल असतं, तिथं आम्ही दहा-दहा मिनिटांच्या पाळीनं बसतो. एका बाजूला मंत्री, दुसऱ्या बाजूला विरोधी आमदार, आणि बोलणं आमच्या डोक्यावरून पाखरांच्या थव्यासारखं जात असतं. पहिला तास प्रश्नांचा. आमदारांनी आधी लिहून दिलेले प्रश्न असतात. ज्याच्यावर तारा काढलेला असतो त्याचं उत्तर मंत्र्यांना उभं राहून द्यावं लागतं. धरणाचा खर्च वाढला हे खरे आहे काय? होय. दवाखान्याला मंजुरी मिळूनही इमारत नाही हे खरे आहे काय? अंशतः खरे आहे. असल्यास, विलंबाची कारणे काय? प्रश्न उद्भवत नाही. हिवाळ्याचं ऊन उंच खिडक्यांतून उतरून बाकांवर सरकत जातं, कुणीतरी खोकतं, पंख्यांवर धूळ बसलेली दिसते, आणि त्या सुरात हळूहळू असं होतं की कान ऐकतो, हात लिहितो, मी मध्ये नसतोच. कित्येकदा पाळी संपवून बाहेर आल्यावर कुणी विचारलं की आत काय चाललंय, तर मला वही उघडून बघावं लागलेलं आहे. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, देवराव, चांगला प्रतिवेदक म्हणजे स्वच्छ काच. मी सहा वर्षं स्वच्छ काच होतो.

तू जाताना काय म्हणाली होतीस ते मात्र काचेवरून कधी पुसलं गेलं नाही. अंबाझरी तलावाच्या बांधावर आपण बसलो होतो. तू म्हणालीस, “तिथं एक बी नर्स टिकून नाई राहिली. मी जाऊन राहिली. तिथं शाळा हाय, मास्तर नाई. तू चल ना गा.” मी मुंबईच्या नोकरीचा कागद खिशात घेऊन बसलो होतो. मी म्हणालो, विचार करतो. तू पाण्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, “तू दुसऱ्याईचं बोलनं लिहीत बसशीन जलमभर. तुयं सोताचं काई बोलशीन का नाई?” तुझ्या आवाजात राग नव्हता. विचार करायला मी जो गेलो तो गेलोच.

आता एकोणसत्तर सालच्या अधिवेशनाचं सांगतो. शेवटचा आठवडा होता. माझी पाळी सुरू झाली आणि अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. भंडारा जिल्ह्यातल्या कोसमटोली गावाजवळच्या नदीवर पूल बांधण्याबाबत. तुझ्या गावाचं नाव मी लघुलिपीत त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं: पावसाळ्यात गावाचा संपर्क तुटतो, होय. पुलाची मागणी आली आहे, होय. काम केव्हा हाती घेणार, तर निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल. इतकं झाल्यावर सहसा सगळे पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पण तुमच्या भागाचे आमदार रुपरावजी, धोतर-कोटातले शेतकरी गृहस्थ, उपप्रश्न विचारायला उभे राहिले.

ते म्हणाले, “अध्यक्ष महाराज, मी फार बोलत नाही. गेल्या पोळ्याच्या आधी कोसमटोलीत भागीरथा नावाची बाई दोन दिवस अडली होती. नदीले पूर. नाव नाही, डोंगा नाही. तिथली नर्सबाई गळ्याइतक्या पाण्यातून अलीकडे आली, तीन कोस चालून डाक्टरले घेऊन आली. डाक्टर काठावर थांबले, त्याईले पोहता येत नव्हतं. नर्सबाई इंजेक्शनाची पेटी डोक्यावर बांधून परत पाण्यात उतरली. पोचली तवा लेकरू जिवंत होतं, भागीरथा गेली होती. मंत्रीमहोदय, मले आकडे नाही पाहिजे. पूल बांधता का नाही, तेवढं सांगा.”

सभागृह शांत झालं. अशी शांतता आम्हाला लिहिता येत नाही, तिला चिन्ह नाही. मला समोर माणसं दिसत नव्हती. गढूळ पाणी दिसत होतं आणि त्यातून वर धरलेली तुझी मान. रुपरावजींनी तुझं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती. मंत्री उभे राहिले. वयस्क, सातारकडचे, सावकाश बोलणारे. त्यांनी हातातला कागद पाहिला, मग रुपरावजींकडे पाहिलं, आणि परत खाली बसता बसता हलक्या आवाजात म्हणाले, “पाहू.” तेवढंच. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला, बाकं पुन्हा कुजबुजायला लागली.

प्रेमिला, आमच्या लिपीत प आणि ब यांची रेघ एकच असते. हलक्या हातानं ओढली की प, दाबून ओढली की ब. त्या दिवशी मी पेन्सिल दाबली. दाबल्यावर बाकीचा शब्द आपोआप आला. मंत्री: “बांधू.” झोपेत चालणाऱ्या माणसाला पायाखालचं कळत नाही म्हणतात, तसं मला काही झालं नव्हतं. उलट सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्या टेबलाशी पूर्ण जागा होतो. दुपारी टाइप करताना बोट त्या अक्षरावर थांबलं. दुरुस्त करता आलं असतं. मी पान फिरवून पुढचं टाइप केलं. ते कागद तपासायला मंत्र्यांच्या कार्यालयात गेले आणि पेट्या बांधायच्या गडबडीत कुणीतरी न वाचता सही करून परत पाठवले.

मला वाटलं, त्या हजारो पानांत तो एक शब्द बुडून जाईल. पण सभागृहात मंत्र्यानं दिलेला शब्द बुडत नाही. त्यासाठी आमदारांची एक समिती असते. मंत्री काय काय करतो म्हणाले ते ती छापील कामकाजातून शोधते आणि खात्याला विचारत राहते, केलं का? का नाही केलं? पुढच्या डिसेंबरात खात्याचे सचिव चिडलेले होते. असं आश्वासन दिलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. एका सकाळी शिपाई मला शोधत आला. मूळ वही घेऊन मंत्र्यांच्या दालनात या.

दालनात मंत्री आणि सचिव दोघंच होते. मंत्री म्हणाले, वाचा. मी वाचलं. रुपरावजींचं सगळं बोलणं वाचलं, आणि शेवटी तो एक शब्द. सचिव म्हणाले, साहेब, हे शक्यच नाही. मंत्री माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी सचिवांना जरा बाहेर थांबायला सांगितलं.

“मी असं म्हणालो?” त्यांनी विचारलं.

“वहीत असं आहे, साहेब.”

“वहीत काय आहे ते मी ऐकलं. मी काय म्हणालो?”

समोरच्या भिंतीवर उन्हाचा चौकोन होता, त्यात झाडाची सावली हलत होती, एवढंच मला दिसत होतं. मी म्हणालो, “पाहू म्हणालात, साहेब.”

त्यांनी वही आपल्याकडे ओढून ती रेघ पाहिली. मग म्हणाले, “तुमचं गाव आहे का ते?”

“नाही. मी गाव पाहिलेलं नाही.”

“कोण आहे तिथं तुमचं?”

“कुणी नाही, साहेब. त्या नर्सबाई एकदा मला सोबत चल म्हणाल्या होत्या. मी गेलो नाही.”

मला वाटलं, आता हे घंटा वाजवतील आणि माझी नोकरी संपेल. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, “त्या दिवशी खाली बसल्यावर मलाही वाटलं होतं, हा शब्द फार लहान झाला.” मग त्यांनी घंटा वाजवली, सचिव आत आले. मंत्री त्यांना म्हणाले, “मी म्हणालो होतो. समितीला तसं कळवा आणि पूल पुढच्या वर्षीच्या कामांत घ्या.” सचिव काही बोलणार होते, पण मंत्र्यांनी दुसरी फाईल उघडली होती. मला ते फक्त एवढंच म्हणाले, “पुन्हा असं करू नका.” मी पुन्हा केलेलं नाही. त्र्याहत्तरात पूल झाल्याचं मी छापील उत्तरातच वाचलं. काम पूर्ण झाले आहे, होय.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मीरालाही नाही. आज तुला का सांगतोय, तर मागच्या आठवड्यात ते मंत्री वारले. गुरुवारी सभागृहात शोकप्रस्ताव झाला, आणि पाळी नेमकी माझी आली. रुपरावजी बोलले की दिलेला शब्द पाळणारा असा माणूस विरळा, आमच्या कोसमटोलीचा पूल त्याची साक्ष आहे. मी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं, एकही रेघ दाबली नाही. नंतर लॉबीत रुपरावजींनी मला चहा पाजला. सांगत होते, पुलाला मंत्र्यांचं नाव द्यावं म्हणून गावात सभा भरली, तर नर्सबाई उभी राहिली. “म्हणे, ज्यानं पाण्यात पाय नाई घातला त्याचं नाव काहून? तोंडानं बोलाले काय लागते? भागीरथाचं नाव द्या.” सभा मोडली, पुढची येत्या रविवारी, चोवीस तारखेला आहे. रुपरावजी हसत होते, पण मला तो चहा संपवता आला नाही. तू बरोबर बोललीस, प्रेमिला. पूल भागीरथाचाच आहे, तिचंच नाव लागू दे, त्यात एक अक्षर बदलू नकोस. फक्त त्या म्हाताऱ्याबद्दल तुझा समज तसाच राहिला तर मला चैन पडणार नाही. त्यानं शब्द पाळला नाही, कारण त्यानं तो दिलाच नव्हता. दुसऱ्याच्या हातून झालेला खोटेपणा त्यानं स्वतःच्या नावावर घेतला आणि खरा करून दाखवला, आणि हे जाणणारा मी एकटाच उरलोय. रविवारच्या सभेत यातलं किती सांगायचं ते तू ठरव. माझं नाव घेतलंस तर नोकरी जाईल, वीस वर्षं बाकी आहेत आणि जयाचं शिक्षण व्हायचंय, तरीही मी तुला अडवत नाही. शनिवारी अधिवेशन संपतंय. मुंबईच्या गाडीचं तिकीट मी काढलेलं नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं मी कोसमटोलीला येतोय. तू सांगितलं नाहीस, तर सभेत उभा राहून मी स्वतः सांगीन.

उशिरा निघालेला, तरी तुझाच,
देवराव