अम्मींची रनिंग कॉमेंट्री

५ डिसेंबर, शुक्रवार

बॅग तीनदा उघडली, तीनदा बंद केली. सासूबाईंनी कपड्यांच्या घडीत सुकटीची पुडी सरकवलीय. व्हेनिसला! मी काढते, अम्मी परत घालतात. शिवाय त्यांचं डोळ्यांत घालायचं औषध. ते म्हणे बर्फाच्या पिशवीतूनच न्यायचं.

दुबईतल्या मनखूलच्या या दोन खोल्यांत पाच माणसं. झारा आठ वर्षांची होईल, अजून हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. अब्बा-अम्मींचा व्हिसा जानेवारीअखेर संपतोय. तो रिन्यू करायचा नाही, आता त्यांनी गावी रत्नागिरीला राहावं, हे मी आणि माझ्या नवऱ्याने, अर्सलानने ठरवून महिना झाला. पण सांगायचं कुणी? "व्हेनिसमध्ये सांगतो, तिथे मूड चांगला असेल," म्हणाला. शब्द दिलाय.

मी काही वाईट सून नाही. पण चार वर्षं झाली! मला माझं स्वयंपाकघर पाहिजे. अम्मी घरात नुसत्या बोलत असतात. अब्बांना चहात साखर हवी की नको, हेही त्याच सांगतात. एकच सोय जाईल. मी सव्वासहाला ऑफिसला जायला हमरियाची बस पकडते, अर्सलान माझ्याही आधी निघतो, त्यामुळे झाराला शाळेच्या बसपर्यंत अब्बा नेतात. त्यासाठी खालच्या मजल्यावरच्या एक बाई बघून ठेवल्यात.

८ डिसेंबर, सोमवार

एअरपोर्टवर तमाशा. पासपोर्ट तपासायच्या स्मार्ट गेटमध्ये कॅमेरा कुठे आहे तेच अब्बांना सापडेना. मागून अम्मी, "उजवीकडे! वर! अजून वर!" सगळी लाईन थांबली. ऑफिसर हसत म्हणाला, "यल्ला हबीबी, लुक हिअर!" चला मित्रा, इकडे बघा.

तीस वर्षं लाँचवर तांडेल होता हा माणूस. बसऱ्यापर्यंत लाँच नेऊन आणायचा. आणि बायको त्याला मान कशी वळवायची ते शिकवते. मला लाज वाटली, अम्मींची.

९ डिसेंबर, मंगळवार

व्हेनिस! रस्त्याच्या जागी पाणी, बसच्या जागी बोट. फोटोत बघितलं होतं त्याहून जुनं, ओलं आणि खरं. मी अर्धा तास तोंड उघडं ठेवून बघत राहिले असते. पण अम्मींनी बघू दिलं तर ना!

"पूल आला. पायऱ्या आहेत हां. वर लाल घर आहे, खिडकीत कपडे वाळत घातलेत. डावीकडे पाणी, कठडा नाही. एक माणूस कुत्र्याला घेऊन येतोय." न थांबता! क्रिकेटच्या मॅचला एवढं बोलत नाहीत. शेवटी मी म्हटलंच, "अम्मी, अब्बांना दिसतंय की सगळं!" त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मग परत सुरू, "आता तीन पायऱ्या उतरायच्यात."

झारालाही लागण झालीय. तिच्या दादांचं, म्हणजे अब्बांचं बोट धरून प्रत्येक पुलावर मोजते, "वन, टू, थ्री, लास्ट वन, दादा!"

संध्याकाळी अम्मींचा घसा बसला. हॉटेलच्या बेसिनपाशी मिठाच्या गुळण्या. दिवसभर बोला आणि मग गुळण्या करा. कोणी सांगितलंय?

अर्सलानने व्हिसाचा विषय अजून काढला नाही.

१० डिसेंबर, बुधवार

आजही नाही. "इन्शाल्ला, उद्या." अल्लाची इच्छा असेलही, याचीच नाही!

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळपासून धुकं. समोरचा माणूस अंगावर आल्यावर दिसायचा. अर्सलान मोबाईलच्या नकाशात गुंतलेला, मी झाराला घट्ट धरलेलं, चार वेळा त्याच चौकात परत आलो. फक्त अब्बा मजेत! बोटीचा आवाज ऐकून म्हणाले, "मोठं पाणी उजव्या हाताला आहे. तिकडे चला." खरंच तिकडे धक्का निघाला.

"आज सगळे माझ्या बरोबरीचे झाले," म्हणाले आणि खो खो हसले. किती दिवसांनी असे हसले! अम्मी मात्र हसल्या नाहीत. मला वाटलं, थंडीने.

चहाला पाच युरो, म्हणजे वीस दिरहॅम. "पावणेपाचशे रुपये!" अम्मी. घसा बसला तरी हिशोब चालू.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पाण्याच्या बसमध्ये चढताना अब्बांनी तिकीट तपासणाऱ्या मुलीच्या हातात दिरहॅमचं नाणं ठेवलं. बर दुबईला खाडी ओलांडायच्या होडीत, अब्रात बसताना देतात तसं, मुठीतून, न बघता. तिने उलटसुलट करून बघितलं, काहीतरी जोरात बोलली. मागचे लोक वैतागले. मी पुढे होऊन पास दाखवला, सॉरी सॉरी केलं. अम्मी तिला आपल्या कोकणीत सुनावतायत, "बाईये, म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात काय?"

बसल्यावर अर्सलानला कानात म्हटलं, "बघितलंस? यांना गावीच बरं वाटेल. आजच सांग." तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी चिमटा काढला तरी.

१३ डिसेंबर, शनिवार

सगळे झोपल्यावर लिहितेय.

दुपारी अम्मी झाराला घेऊन खोलीवर थांबल्या, तिला कणकण होती. अर्सलान उद्याच्या बोटीची तिकिटं बघायला गेला. अब्बा म्हणाले, मी येतो तुझ्याबरोबर औषधाच्या दुकानात. अम्मी नको नको म्हणत होत्या. मीच हट्टाने म्हटलं, "येऊ द्या की! एक दिवस तरी शांतपणे फिरू द्या त्यांना!"

मी भराभर पुढे. पूल चढले, उतरले, वळून बघते तर अब्बा वरच उभे. एक पाय पुढे काढून हवेत चाचपत होते. बूट पायरीच्या कडेला लागला, मागे घेतला, परत पुढे. लोक त्यांना वळसा घालून जात होते. मी हाक मारली, "अब्बा, चला!" त्यांनी आवाजाकडे तोंड केलं, माझ्याकडे नाही.

"नाझनीन," म्हणाले, "किती पायऱ्या आहेत?"

मी वर धावले. हात धरला तर बर्फ. अकरा पायऱ्या. एकेक मोजत उतरलो. खाली दगडी बाकावर बसून त्यांनी सांगितलं. काचबिंदू. दोन वर्षं झाली. समोरचं नळीतून बघावं तेवढं दिसतं, तेही धुरकट. खाली, बाजूला काळोख. बर्फातून आणलेलं डोळ्यांचं औषध अम्मींचं नाहीच, त्यांचं आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणे.

"मरियम बोलते म्हणून मी बघतो," म्हणाले. "लाल घर, कपडे, कुत्रा. नाहीतर मला इथे काय दिसणार होतं?" मग हळूच म्हणाले, "अर्सलानला सांगू नको. माझं ओझं झालं असं वाटेल त्याला. गावी पाठवील. तिथल्या डोंगरातल्या घराला नुसत्या पायऱ्या."

 औषध घेतलं आणि त्यांना हाताला धरून परत आणलं.  वाटेत कॉमेंट्री करायची, ती मला जमेना.

अर्सलान थेट हॉटेलात जेवायलाच भेटला. ऑर्डर दिली, आणि तोच घसा खाकरून म्हणाला, "अब्बा, अम्मी, एक बोलायचं होतं." नेमका आज! मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. त्याला वाटलं, मी घाई करतेय. घडाघडा बोलून मोकळा झाला. व्हिसा, खोल्या, गावची हवा, सगळं. महिनाभर मीच पढवलेलं, शब्दन् शब्द.

अम्मी गप्प. चार वर्षांत पहिल्यांदा. समोर ताटं आली तरी गप्प.

अब्बांनी टेबलावर हात फिरवला. बोटं गरम चिजात गेली, मागे घेतली. "बरं," म्हणाले. "जाऊ. मरियम, ताटात काय आहे?"

अर्सलान बघतच राहिला. मला काहीच सांगावं लागलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

विमान. अर्सलान माझ्याशी बोलत नाही. मीही नाही. त्याच्यावर रागवायला तोंड कुठे आहे मला?

५ जानेवारी, सोमवार

शाळा सुरू. पहाटे जाग आली ती एकाच विचाराने. रस्ता! दोन वर्षं माझी पोरगी रोज सकाळी कुणाचा हात धरून सिग्नल ओलांडतेय? तीन आठवडे घरातल्या रडारडीत हे सुचलंही नव्हतं मला. आई म्हणवते!

ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि झारा-अब्बांच्या मागे गुपचूप गेले. लिफ्टमधून बाहेर येताच झाराने दप्तर सारखं केलं, अब्बांचं बोट पकडलं. "टू स्टेप्स डाऊन, दादा." सिग्नलला थांबली. "रेड. वेट." गाड्या गेल्या. "ग्रीन मॅन. यल्ला!"

अब्बा तिला बसपर्यंत नेत नव्हते. ती त्यांना नेत होती.

बसमध्ये चढायच्या आधी तिने त्यांचा हात खांबावर नेऊन ठेवला. "डोंट मूव्ह. दादी इज कमिंग." बस गेली. घराकडून गुडघे धरत, लंगडत, मागे पडलेल्या अम्मी येत होत्या. रोज यायच्या. मी तेव्हा हमरियाच्या बसमध्ये झोपलेली असायची.

घरी आल्यावर अम्मींशी कडाकडा भांडले. माझ्या लेकराचा जीव! त्यांनी ऐकून घेतलं. "चुकलं," म्हणाल्या. "पण तिला सोडायचं बंद केलं असतं तर कळलं असतं ना तुम्हाला." मग मी रडले, मग त्या.

७ जानेवारी, बुधवार

सुट्टी टाकली. झाराला बसपर्यंत मीच सोडलं. अब्बा-अम्मींचा व्हिसा रिन्यू करायला नवे फोटो काढून आणले. फोटोवाला सारखा म्हणत होता, "चाचा, इधर देखो." मी म्हटलं, "थोडं डावीकडे, अब्बा. हनुवटी वर. बस्स." मग डोळ्यांचे डॉक्टर, मग मीना बाजार, मग अब्राने पलीकडे आणि परत. झारा अजून सोफ्यावरच.

घसा बसलाय. मिठाच्या गुळण्या केल्या.