करडीच्या तळ्याची केस

६ नोव्हेंबर १९७८

खून! वकिलीत पहिल्यांदाच खुनाची केस, आणि तीही माझ्या एकट्याच्या अंगावर.

सकाळी करडीचा सुखराम ढिवर आला होता. धाकट्या भावासाठी, धनीरामसाठी वकील हवा. उन्हाळ्यात तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गोमाजी म्हणून एकाशी जाळं टाकण्यावरून भांडण झालं, डोक्यात बांबू बसला, गोमाजी जागीच गेला. पोलिसांनी धनीरामला उचललं. पाहणारी एकच – सुखरामची बायको रेवताबाई. म्हणजे वहिनीच दिराविरुद्ध साक्षीदार! घर आहे का काय!

सुखराम बोलता बोलता रडायला लागला. "त्याले मीच लहानाचा मोठा केला साहेब. कसंबी करून सोडवा." जाताना ओल्या पोत्यातली मरळ मासळी ओट्यावर ठेवून गेला. सौ. सुलोचना खूश. म्हणाली, असे अशील रोज येवोत.

११ नोव्हेंबर

जेलात धनीरामला भेटलो. असा अशील वैऱ्यालाही मिळू नये! "तू मारलं का?" – गप्प. "मग कोणी मारलं?" – गप्प. शेवटी तोंड उघडलं तर म्हणतो, "दादाची तब्येत बरी हाये न?" अरे, जन्मठेप होईल तुला, दादाची तब्येत काय विचारून राहिला! चिडूनच बाहेर आलो.

रेवताबाईचा पोलिसांपुढचा जबाब वाचला. स्वच्छ लिहिलंय – धनीरामनं मारलं. वहिनी-दिराचं काहीतरी वाकडं असणार. उलटतपासणीत तेच धरायचं आणि बाईला पार खोटी पाडायची.

२० नोव्हेंबर

उद्या रेवताबाईची साक्ष. उलटतपासणीचे प्रश्न पुन्हा लिहून काढले.

२१ नोव्हेंबर

आज मजाच झाली. सरकारी वकिलानं रेवताबाईला विचारलं, गोमाजीला कोणी मारलं? बाई पदराचं टोक दातात धरून उभी. नाव सांगा. "नाव नाई घेत मी." जज्जसाहेब समजावून थकले. शेवटी सरकारी वकील खेकसला – पोलिसांना धनीरामचं नाव तुम्हीच सांगितलं ना?

"हवालदारानं इचारलं, धनीराम का म्हून. मी काई बोललीच नाई. त्यायनं लिवून टाकलं."

कोर्टात हशा! सरकारी वकिलाचं तोंड पाहण्यासारखं झालं. तेवढ्यात वेळ संपली. उद्या माझी पाळी.

घरी येऊन सुलोचनाला सगळं रंगवून सांगितलं. कसली बावळट बाई – समोर खून पाहिला आणि नाव घेत नाही! सुलोचना भात वाढत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "अहो, बाई कोणाचं नाव घेत नसते?"

माझा घास हातातच राहिला. लग्न झाल्यापासून हिनं उखाण्याशिवाय माझं नाव घेतलेलं नाही.

बाप रे! म्हणजे सुखराम? तो रडत आलेला, मरळ ठेवून गेलेला सुखराम? आणि भावासाठी वकील शोधत माझ्याच दारात आला! उद्या काय विचारू? विचारलं तर त्या बाईचा संसार माझ्या हातानं मोडतो. नाही विचारलं तर काहीच न केलेला पोरगा आत सडतो. माझा अशील धनीराम आहे. विचारावंच लागेल.

२२ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सुखराम मागच्या बाकावर होता, भावासाठी आणलेला भाताचा डबा मांडीवर घेऊन. मी रेवताबाईला फार काही विचारलंच नाही. म्हणालो, "बाई, ज्यानं मारलं त्याचं नाव तुम्ही घेतलं नाही तर हा जन्मभर आत जाईल."

तिनं धनीरामकडे पाहिलं. पदर दातातून काढला. आणि मागे वळून न पाहता, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं – "सुखरामनं मारलं. मी पाह्यलं."

कोर्ट सुन्न! आरोपीच्या पिंजऱ्यातून धनीराम ओरडला, "वयनी! काहून घेतलं नाव!"

म्हणजे याला ठाऊक होतं! सहा महिने भावासाठी गप्प बसला होता गाढव! सुखराम पळाला नाही. डबा बाकावर ठेवला आणि उभा राहिला. पोलीस त्याला बाहेर घेऊन गेले तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहून हात जोडले. कशाला जोडले? मला तिथे उभं राहवेना.

धनीराम आता सुटणार, यात शंका नाही. वकील मंडळींनी पाठीवर थापा मारल्या, चहा मागवला. मी कप तसाच ठेवून निघालो.

२३ नोव्हेंबर

सकाळी दार उघडलं तर पायरीवर रेवताबाई! शेजारी ओलं पोतं.

"केस घ्या साहेब."

"कोणाची?"

पदर पुन्हा दातात गेला. "त्यायची," म्हणाली.